लेकरांना घेऊन देवगिरी-वेरूळला निघताय? या चुका टाळा

शनिवार-रविवार गाठून छत्रपती संभाजीनगरला येणाऱ्या कुटुंबांच्या चुका ठरलेल्या असतात, आणि त्यांतली सर्वांत मोठी चूक घर सोडण्याआधी कागदावरच झालेली असते. देवगिरी म्हणजे दौलताबादचा किल्ला, वेरूळ, घृष्णेश्वर, खुलताबादचा भद्रा मारुती, बीबी का मकबरा, पाणचक्की आणि जमलेच तर अजिंठा, अशी यादी दोन दिवसांत बसवलेली असते. सोबत मात्र चार-पाच वर्षांची लेकरे असतात. आमचे घर याच शहरात असल्यामुळे दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत लातूर, परभणी, नांदेडकडचे आप्त आमच्याकडे उतरतात. जवळपास प्रत्येकाच्या हातात हीच यादी असते, आणि दुसऱ्या दिवशीच्या दुपारी जवळपास प्रत्येकाचे लेकरू कुठल्यातरी पायरीवर बसून ‘घरी चला’ म्हणत रडत असते.

‘एवढ्या लांब आलोच आहोत तर सगळे उरकून घेऊ’ या वाक्याचा मला मनापासून राग येतो. ठिकाणे उरकली जातात ती मोठ्यांची. लेकराच्या हाती गाडीत चढणे, गाडीतून उतरणे आणि रांगेत उभे राहणे एवढेच येते. पाच वर्षांचे मूल एका खांबावरचा सिंह न्याहाळत दहा मिनिटे उभे राहू शकते, आणि तेवढ्यात ‘चल लवकर, अजून तीन ठिकाणे राहिलीत’ म्हणून त्याचा हात ओढला जातो. आमच्या घरचा शिरस्ता असा आहे की, लहान मुले सोबत असली की एका दिवसाला एकच मोठे ठिकाण ठेवायचे, ते सकाळीच पाहायचे, दुपारी सर्वांनी झोपायचे आणि संध्याकाळी जिथे मुलांना मोकळे फिरता येईल अशी एखादी जागा गाठायची. पाहुण्यांना हे ऐकून दिवस वाया गेल्यासारखे वाटते, तरीही मी त्यात बदल करत नाही.

अजिंठा तर या दोन दिवसांत धरूच नये. शहरापासून तो सुमारे शंभर किलोमीटर आहे, फर्दापूरजवळ आपली गाडी सोडून पुढे तिथल्या बसने जावे लागते, मग चढण लागते, आणि चित्रे जपण्यासाठी लेण्यांत उजेड मंद ठेवलेला असतो. त्या मंद उजेडात पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर शांत उभे राहण्याचे वय यायला वेळ लागतो, आणि तो वेळ मुलाला द्यावा.

दुसरी चूक देवगिरीची आहे आणि ती मी अगदी जवळून पाहिली आहे. एका दिवाळीच्या सुट्टीत माझी मावसबहीण, दाजी आणि त्यांची दोन मुले लातूरहून पहाटे निघाली आणि घरी न येता दुपारी थेट किल्ल्यावरच पोहोचली. मी पायथ्याशी त्यांना भेटलो तेव्हा धाकटा चार वर्षांचा मुलगा गाडीतल्या झोपेतून नुकताच उठलेला होता. खंदकापर्यंत जाऊन परतू, असे मी सुचवले. दाजींचे म्हणणे होते की देवगिरीला येऊन अंधारी पाहिली नाही तर आल्यासारखे होत नाही, आणि मुलांना अशा गोष्टींची सवय लागलीच पाहिजे.

ही अंधारी म्हणजे शत्रूची दिशाभूल करण्यासाठी डोंगराच्या पोटात कोरलेला वळणावळणाचा भुयारी मार्ग. आत पायऱ्या उंचसखल आहेत, वटवाघळांचा उग्र दर्प आहे, आणि सुट्टीच्या दिवशी माणसांची रांग पाठीला पाठ लावून चढत असते. आम्ही अर्ध्यावर असताना पुढच्या पोरांच्या टोळक्याने प्रतिध्वनी ऐकण्यासाठी जोराने आरोळ्या ठोकल्या. वटवाघळे एकदम उठली आणि आमच्या डोक्यांवरून फडफडत गेली. धाकट्याने दाजींच्या गळ्याला अशी मिठी मारली की त्यांना मोबाइलचा उजेड धरणेही जमेना. मागून लोक चढत असल्यामुळे वळता येईना, आणि पुढचे लोक फोटोसाठी थांबल्यामुळे चढताही येईना. मागच्या लोकांना विनवण्या करून, भिंतीला चिकटून, एकेक पायरी चाचपत आम्ही उलटे खाली उतरलो. सुदैवाने कोणी पडले नाही. पण दुसऱ्या दिवशी वेरूळला त्या मुलाने एकाही लेण्यात पाऊल टाकले नाही. प्रत्येक दारापाशी तो थबकायचा आणि विचारायचा, “मामा, इथं पण वटवाघळं आहेत का?” काही लेण्यांत ती असतात, त्यामुळे मला खोटे बोलता येईना. विश्वकर्मा लेण्याच्या लाकडी वाशांसारख्या कोरलेल्या छताखाली त्याची बहीण आ वासून उभी होती आणि तो बाहेर आईच्या कडेवर तोंड लपवून बसला होता.

सात-आठ वर्षांखालच्या मुलाला अंधारीत नेऊ नये, हे माझे ठाम मत आहे. त्यासाठी देवगिरीच टाळायला हवा असे मात्र अजिबात नाही, कारण लेकरांना आवडणाऱ्या बहुतेक गोष्टी खंदकाच्या अलीकडेच आहेत. हत्तींनी धडक देऊ नये म्हणून दरवाजाला ठोकलेले लोखंडी खिळे, प्रवेशाजवळ मांडून ठेवलेल्या तोफा, विस्तीर्ण हत्ती हौद, भारतमाता मंदिराच्या प्रांगणातील दगडी खांब आणि बहमनी सुलतानाने पंधराव्या शतकात उभारलेला उंचच उंच चाँद मिनार एवढे पाहण्यातच सकाळ जाते. मुलाचे पाय शाबूत असतील तर चिनी महालाजवळच्या बुरुजावर चढून मेंढा तोफ दाखवावी. तिच्या मागच्या टोकाला मेंढ्याचे डोके घडवलेले आहे, आणि ते आधी कोणाला दिसते यावर भावंडांची पैज लावता येते. तिथून खंदकाच्या पुलापर्यंत जावे, तासून गुळगुळीत केलेला कडा खालूनच दाखवावा, आणि ‘शत्रू यावर कसा चढला असता?’ एवढे विचारून परतावे. किल्ल्यावर माकडे आहेत. खाऊची प्लास्टिकची पिशवी मुलाच्या हातात देऊन चालणे म्हणजे त्यांना आमंत्रण देणे होय, म्हणून खाऊ पाठीवरच्या बंद पिशवीत ठेवावा.

वेरूळला लोक दुपारी पोहोचतात, हीसुद्धा अधीरपणातून होणारी चूक आहे, कारण त्यांना वाटेतला देवगिरी आधी आटोपायचा असतो. वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत. सकाळी डोंगराची सावली कैलास लेण्याच्या प्रांगणावर असते आणि दगड गार असतो. दुपारनंतर ऊन थेट समोरून येते आणि तोच काळा पाषाण तापून भाजू लागतो. म्हणून मी पाहुण्यांना लेणी उघडण्याच्या वेळेला दारात उभे करतो. तसेच एकूण 34 लेणी आहेत म्हणून 1 पासून 34 पर्यंत क्रमाने चालण्याचा हट्ट काही जण धरतात, त्यांनी मुलांच्या पायांचा विचार करावा. लहानग्यांसोबत कैलास, म्हणजे 16 वे लेणे, आधी पाहावे, मग 10 वे, म्हणजे विश्वकर्मा, आणि तिथे थांबावे. उत्तरेकडची जैन लेणी बरीच लांब आहेत, तिथे मुलांना चालवत नेऊ नये.

कैलासात इतिहासाचा तास घेणारे पालक मला दर वेळी भेटतात. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण, आठवे शतक, ही माहिती खरी आणि महत्त्वाची आहे, पण पाच वर्षांच्या मुलाला ती ऐकवून त्याच्याकडून पाठ करून घेणे हा त्या मुलावर आणि त्या वास्तूवरही अन्याय आहे. त्याला एकच गोष्ट सांगावी, की हे देऊळ बांधलेले नाही, डोंगर वरून खाली कोरत आणले आहे, म्हणजे कळस आधी आणि पाया नंतर. मग मंदिर पाठीवर तोलून धरणारे हत्ती मोजायला सांगावे. हत्ती मोजत मोजत मूल आपोआप मंदिराला पूर्ण प्रदक्षिणा घालते, कैलास हलवणाऱ्या रावणापाशी पोहोचते, आणि त्याला कितीतरी हात का आहेत, हे आपणहून विचारते. तेव्हा सांगितलेली गोष्ट त्याच्या लक्षात राहते. बाहेरच्या भिंतींवर एका बाजूला रामायणाचे आणि दुसऱ्या बाजूला महाभारताचे प्रसंग चित्रपटासारखे ओळीने कोरलेले आहेत. आजी सोबत असेल तर ते दाखवण्याचे काम तिच्याकडे सोपवावे, तिच्याइतके चांगले ते कोणाला जमत नाही.

फोटोसाठी लेकराला हत्तीच्या शिल्पावर किंवा मूर्तीच्या मांडीवर बसवू नये. बाराशे वर्षे टिकलेला दगड अशा घर्षणाने झिजतो, आणि मुलाला मात्र हे सगळे आपल्या खेळण्यासाठी आहे असा धडा मिळतो.

वेरूळ मंगळवारी बंद असते आणि अजिंठा सोमवारी. सोमवारची सुट्टी जोडून येणारे लोक नेमका अजिंठा शेवटच्या दिवसासाठी ठेवतात आणि फर्दापूरहून परततात. श्रावणात किंवा सोमवारी घृष्णेश्वराच्या रांगेत लहान मुलांना उभे करू नये. बाहेरून कळसाचे दर्शन घ्यावे. उन्हाळ्यात इथला पारा चाळिशीच्या पुढे जातो, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये मुलांना घेऊन येऊच नये, हे मी सख्ख्या बहिणीलाही स्पष्ट सांगतो. लेण्यांच्या कड्यांवर आग्यामोहोळे असतात, म्हणून तिथे अत्तर लावून जाऊ नये आणि मुलांना दगड भिरकावू देऊ नयेत.

खाण्याच्या बाबतीत मी बाहेरच्या तिखट रश्शावर विश्वास ठेवत नाही. सकाळी केलेले धपाटे, घट्ट दही, शेंगदाण्याची चटणी आणि बाटलीभर ताक एवढे सोबत असले की मूल दुपारपर्यंत खुशीत राहते. दिवाळीच्या सुमारास दौलताबादच्या रस्त्याला सीताफळे विकायला बसलेली असतात, ती जरूर घ्यावीत, मात्र बिया काढून गर भरवावा.

संध्याकाळसाठी पाणचक्की किंवा मकबरा, दोहोंपैकी एकच निवडावे. पाणचक्कीत दूरच्या डोंगरातून नळाने आणलेले पाणी उंचावरून कोसळते आणि हौदात मासे असतात. मकबऱ्यात लांबच लांब फरसबंद वाट आहे, तिच्यावर मुलांना मनसोक्त चालता येते, आणि खालचा भाग संगमरवराचा व वरच्या भिंतींना चुन्याचा गिलावा, हा फरक त्यांच्या नजरेलाही चटकन कळतो. परतीचा प्रवास रविवारी जेवण होताच सुरू करावा, म्हणजे लेकरे गाडीत झोपतात आणि दिवेलागणीला आपल्या घरी पोहोचतात. शेवटचे एक ठिकाण वाटेत घेण्याचा मोह झाला तरी गाडी थांबवू नये.