मोबाइल बिलात न समजणारी रक्कम दिसली तर काय करावे

पोस्टपेडचे बिल अचानक फुगले किंवा प्रीपेडचा बॅलन्स आपोआप घटला, की बहुतेकजण कस्टमर केअरला फोन लावून भांडायला लागतात. पलीकडून ‘चेक करतो सर’ ऐकू येते, फार झाले तर थोडे पैसे परत येतात आणि पुढच्या महिन्यात तीच कपात पुन्हा होते. म्हणून आधी हिशेब मागावा, पैसे नंतर.

पोस्टपेड बिलाच्या खालच्या आकड्यावर थांबू नका. मासिक भाडे, प्लॅनबाहेरचा वापर, मागची थकबाकी, विलंब शुल्क अशा ओळी सुट्या वाचा. चालू आकारणीवर 18 टक्के जीएसटी लागतो, त्यामुळे 499 रुपये भाड्याच्या प्लॅनचे बिल 588 रुपये 82 पैसे आले तर त्यात काळेबेरे काही नाही. प्लॅन महिन्याच्या मध्येच बदलला असेल, तर जुन्या-नव्या भाड्याची दिवसांप्रमाणे विभागणी होते आणि तेवढे एक बिल वेडेवाकडे दिसते. प्रीपेडवाल्यांना बिल येतच नाही, पण वापराचा तपशीलवार हिशेब मागता येतो. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या 2012 च्या नियमांप्रमाणे मागच्या सहा महिन्यांपर्यंतचा हिशेब कंपनीने द्यायचा असतो आणि त्यासाठी 50 रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. ही सोय कंपन्या आपणहून सांगायला फारशा उत्सुक नसतात.

खरी शंकेची जागा म्हणजे व्हीएएस, अर्थात मूल्यवर्धित सेवा. कॉलर ट्यून, गेम, क्रिकेटचे अलर्ट, रोजचे भविष्य वगैरे. एखाद्या जाहिरातीवर बोट पडते आणि वर्गणी सुरू होते. हे थांबावे म्हणून ट्रायने जुलै 2013 मध्ये दुहेरी संमतीचा नियम काटेकोर केला. एकदा ‘हो’ म्हटल्यावर दुसऱ्यांदा वेगळी खातरजमा झाल्याशिवाय अशा सेवेचे पैसे कापता येत नाहीत. संमती घेतली होती हे दाखवणे कंपनीचे काम आहे. ‘तुम्हीच चालू केले असेल’ हे उत्तर तिथे पुरत नाही. कपात लक्षात आली की लगेच 155223 वर फोन किंवा एसएमएस करून सेवा बंद करा. सेवा सुरू झाल्यापासून 24 तासांच्या आत कळवले तर परताव्याचा मुद्दा बराच सोपा होतो.

आता तक्रार. 121 हा चौकशीचा क्रमांक, 198 तक्रारीचा. फरक किरकोळ वाटतो, पण पुढचे सगळे त्यावरच अडते. चौकशीच्या क्रमांकावर अर्धा तास बोललात तरी हाती डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, नसेल, तर तक्रार झालीच नाही असे धरा. 198 वर बोलताना मोघम बोलू नका. ‘अमुक तारखेला या सेवेपोटी 49 रुपये कापले. मी संमती दिलेली नाही. दोन्ही संमतींची नोंद दाखवा आणि रक्कम परत करा,’ एवढेच सांगा आणि हेच ईमेलनेही पाठवा. डॉकेट नंबरचा एसएमएस आला की स्क्रीनशॉट काढून ठेवा. दरम्यान बिल रागाने थकवू नका, विलंब शुल्काचा नवा घोळ होतो. हरकत लेखी नोंदवून भरा.

उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जायचे. मुदत 30 दिवस, शुल्क नाही, ईमेल चालतो. निकाल 39 दिवसांत द्यायचा असतो. ‘कंपनीचाच माणूस, तो काय न्याय देणार’ ही शंका रास्त आहे. पण अपील आधी दोन जणांच्या सल्लागार समितीपुढे जाते आणि त्यातला एक ग्राहक संघटनेचा असतो. थेट ट्रायला पत्र लिहून उपयोग नाही, कारण वैयक्तिक तक्रारींचा निवाडा ट्राय करत नाही.

तिथेही जमले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. सर्वोच्च न्यायालयाच्या 2009 च्या एका निकालामुळे टेलिफोन बिलाचे वाद ग्राहक मंचात चालत नाहीत, लवादाकडे जा, असे बरीच वर्षे ऐकवले जाई. फेब्रुवारी 2022 मध्ये त्याच न्यायालयाने ग्राहक आयोगांना हा अधिकार असल्याचे स्पष्ट केले, तेव्हा अशी सबब आली तर हा निकाल दाखवा. वकील लागतोच असे नाही. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात दाखल करता येते. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर प्रकरण नोंदवून पाहायला हरकत नाही. कित्येकदा कंपनी तेवढ्यावरच नमते. बिल, तपशीलवार हिशेब, डॉकेटचा एसएमएस आणि अपिलाचे उत्तर तारखेच्या क्रमाने लावून जोडा. आयोगाकडे जायची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे.