पहिला पॅच: ओपन सोर्स प्रकल्पाला कोड कसा पाठवावा

अमळनेरला बी.सी.ए. करणारी माझी मावसबहीण आजीच्या तोंडून ऐकलेली खानदेशातल्या कानबाई देवीची गाणी नोंदींच्या एका छोट्या ओपन सोर्स (म्हणजे ज्याचा कोड कोणालाही बघता, बदलता येतो अशा) अ‍ॅपमध्ये उतरवून घेत होती. अर्धी मोबाइलवर, अर्धी कॉलेजच्या संगणकावर. श्रावणात घरी आली तेव्हा म्हणाली, "दादा, 'ऱ्हायना' शोधलं की निम्मीच गाणी येतात. बाकीची कुठे गेली?" आमच्या अहिराणी बोलीत 'करी ऱ्हायना' (करतो आहे), 'जाई ऱ्हायना' (जातो आहे) पावलोपावली येतं, म्हणून ही चूक तिच्या लगेच ध्यानात आली. गाणी जागेवरच होती. डोळ्यांना सारखाच दिसणारा 'ऱ्ह' आत दोन वेगळ्या पद्धतींनी साठवला गेला होता.

ती खोट पुढे दुरुस्त झाली आणि दुरुस्तीचा कोड तिनेच पाठवला. जळगाव-धुळ्याच्या पोरांना अजून वाटतं की हे पुण्या-बंगळुरूच्या लोकांचं काम आहे. पण ज्याच्या वाचनात 'ऱ्ह' कधी आलाच नाही, त्याला ही खोट सापडणार कशी? आपली भाषा, आपला कीबोर्ड, आपलं मंद नेट यांतून दिसणाऱ्या चुका आपणच सांगायच्या आणि जमल्यास आपणच दुरुस्त करायच्या. त्यासाठी काय करावं लागतं ते तिच्याच उदाहरणावरून सांगतो. कमांडची नावं देवनागरीत लिहितो आहे. टाइप करताना ती अर्थातच रोमन अक्षरांत टाकायची.

प्रकल्प रोजच्या वापरातला निवडा

नाव मोठं आहे म्हणून प्रकल्प निवडू नका. तुम्ही रोज वापरता असं काय आहे? व्हीएलसीवर सिनेमा बघता, लिबरऑफिसमध्ये अर्ज टाइप करता, फायरफॉक्स वापरता. वापरताना जिथे अडता तिथून सुरुवात करा, कारण काय बिघडलं आहे आणि काय व्हायला हवं हे तुम्हाला आधीच माहीत असतं. असं काही हाताशी नसेल तर गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर नवख्यांसाठी राखून ठेवलेली कामं 'गुड फर्स्ट इश्यू' या लेबलखाली सापडतात. लिबरऑफिसमध्ये त्यांना 'इझी हॅक्स' म्हणतात.

प्रकल्प जिवंत आहे का, तेवढं बघून घ्या. शेवटचा बदल कधी झाला, बाहेरच्या लोकांचा कोड स्वीकारला जातो का, प्रश्नांना कोणी उत्तर देतं का? वर्षभर हालचाल नसेल तर तुमचा पॅच, म्हणजे पाठवलेला दुरुस्तीचा कोड, तिथे पडून राहील. पहिल्या खेपेला मी तरी छोटाच प्रकल्प सुचवेन. तिथे कोड डोक्यात मावतो आणि सांभाळणारा माणूस स्वतः उत्तर देतो.

तीन फाइली शांतपणे वाचा

रीडमी (प्रकल्पाची ओळख), लायसन्स (कोड वापरण्याची परवानगी) आणि कॉन्ट्रिब्युटिंग. लायसन्सची फाइलच नसेल तर कोड सगळ्यांना दिसत असला तरी तो ओपन सोर्स नव्हे. हक्क लिहिणाऱ्याकडेच राहतात. एमआयटी, अपाची, जीपीएल ही नेहमी भेटणारी लायसन्सं. कॉन्ट्रिब्युटिंगमध्ये त्या घरचे रिवाज असतात: कोडची मांडणी कशी, चाचण्या कशा चालवायच्या, कमिटवर, म्हणजे कोडमधल्या बदलाच्या नोंदीवर, 'साइन्ड-ऑफ-बाय' ही ओळ हवी की नको. ही ओळ म्हणजे 'हा कोड देण्याचा मला अधिकार आहे' अशी सही असते. नोकरीत असाल तर कंपनीच्या करारात काय लिहिलं आहे तेही बघून ठेवा.

एआयकडून लिहून घेतलेल्या कोडबद्दलचा नियमही शोधा. जेंटू या लिनक्स प्रकल्पाने २०२४ मध्ये असा कोड घेणं बंद केलं. नियम काहीही असो, जी ओळ तुम्हाला समजावून सांगता येत नाही ती पाठवू नका. समोरचा माणूस बहुतेक वेळा नोकरी सांभाळून, बिनपगारी, रात्री जागून तुमचा कोड वाचणार असतो.

कोडच्या आधी खोट मांडा

दुरुस्ती सुचली तरी आधी इश्यू, म्हणजे प्रकल्पाच्या पानावरची तक्रारनोंद, लिहा. त्याआधी तीच तक्रार कोणी केली आहे का ते शोधा, बंद झालेल्या इश्यूंमध्येसुद्धा. इश्यूत तीनच गोष्टी हव्यात: मी काय केलं, काय घडलं, काय घडायला हवं होतं. सोबत अ‍ॅपची आवृत्ती आणि ऑपरेटिंग सिस्टिम.

इथे आपल्याकडची मुलं इंग्रजीला घाबरतात. अजिबात घाबरू नका. छोटी, साधी वाक्यं लिहा. 'रिस्पेक्टेड सर'ची गरज नाही. तिथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात आणि त्यात कोणाचा अपमान होत नाही. दुसऱ्याच्या इश्यूखाली नुसतं 'प्लीज असाइन मी' लिहून जाऊ नका. त्याऐवजी 'अमुक फाइलमधल्या अमुक फंक्शनमध्ये (कोडच्या एका तुकड्यात) हे घडतंय, मी असं करून बघू का?' असं विचारलं तर उत्तर मिळण्याची शक्यता कितीतरी वाढते.

बहिणीने दोन ओळींची एक फाइल जोडली होती. दोन्ही ओळींत 'ऱ्हायना', दिसायला तंतोतंत सारखा, पण शोध एकच ओळ पकडायचा. ती फाइल बघूनच प्रकल्पाच्या माणसाने लिहिलं की खोट पटली, दुरुस्ती पाठव.

कोड आपल्या मशीनवर आणा

कोडचा इतिहास सांभाळायला बहुतेक प्रकल्प गिट वापरतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सच्या कामासाठी २००५ मध्ये ते लिहिलं. सुरुवातीला गिटमध्ये आपलं नाव आणि ईमेल भरावा लागतो. तो प्रत्येक कमिटवर कायमचा आणि जगजाहीर राहतो, म्हणून खासगी पत्ता द्यायचा नसेल तर गिटहब देतं तो 'नो-रिप्लाय' पत्ता वापरा.

मग प्रकल्पाच्या पानावर 'फोर्क' दाबा. त्याने तुमच्या खात्यात प्रकल्पाची प्रत तयार होते. ती 'गिट क्लोन'ने संगणकावर उतरवायची. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्यांनी इथे सावध राहावं: क्लोन अर्ध्यात तुटलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं. भर दुपारी लाइट गेली, वायफाय बंद पडलं आणि जवळपास उतरलेला कोड वाया गेला, हे मी दोनदा भोगलं आहे. मोठा प्रकल्प असेल तर कमांडला 'डेप्थ १' हा पर्याय जोडा. मग जुना सगळा इतिहास न येता ताजा कोड तेवढा येतो. इतिहास लागलाच तर 'गिट फेच'ला 'अनशॅलो' जोडून नंतर मागवता येतो.

मूळ प्रकल्पाचा पत्ताही 'अपस्ट्रीम' नावाने जोडून ठेवा, पुढे लागतो. आणि एकही अक्षर बदलण्याआधी प्रकल्प आहे तसा बिल्ड करून, म्हणजे कोडमधून चालणारं अ‍ॅप तयार करून, चाचण्या चालवून बघा. सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. एखादी लायब्ररी (प्रकल्पाला लागणारा दुसऱ्यांचा तयार कोड) नसते, आवृत्ती जुळत नाही. बहिणीला यात दोन संध्याकाळी लागल्या. तेवढ्यावरून 'आपल्याला जमणार नाही' असं ठरवू नका. मुरलेल्यांनाही नव्या प्रकल्पात इतका वेळ लागतोच. अडलात ती पायरी रीडमीत नसेल तर लिहून ठेवा. तीच तुमची दुसरी पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'माझा बदल मूळ प्रकल्पात घ्या' ही विनंती, होऊ शकते.

वेगळ्या ब्रँचवर काम करा

ब्रँच म्हणजे त्याच कोडची वेगळी वाट, मूळ कोड न बिघडवता काम करायला. 'मेन' या मुख्य ब्रँचला हात लावू नका. 'गिट स्विच -सी' लिहून कामाला शोभेल अशा नावाची ब्रँच काढा. एका ब्रँचवर एकच दुरुस्ती. जाता जाता दिसलेली दुसरी चूक, न आवडलेली मांडणी, यातलं काहीही त्यात घालू नका.

आता खरी दुरुस्ती

आधी आम्ही दोन्ही 'ऱ्हायना' पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या दोन-तीन ओळींनी सुटे करून पाहिले. मोबाइलच्या कीबोर्डने युनिकोडमधला (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीतला) स्वतंत्र 'ऱ' वापरला होता, क्रमांक ०९३१, पुढे हलन्त. कॉलेजच्या संगणकाने साधा 'र', क्रमांक ०९३०, मग हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं चिन्ह टाकलं होतं. हे चिन्ह म्हणजे झिरो विड्थ जॉइनर, क्रमांक २००डी. छापून दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकासाठी ते निराळे शब्द. 'शेतकऱ्यांना', 'दऱ्या', 'तऱ्हा', सगळीकडे हीच गत.

मग शोधाचा कोड कुठे आहे ते शोधलं. त्यासाठी सगळा प्रकल्प वाचावा लागत नाही. पडद्यावर दिसणारा एखादा शब्द, जसं शोधाच्या चौकटीवरची सूचना, 'गिट ग्रेप'ने शोधायचा आणि तिथून एकेक फंक्शन मागे जात राहायचं. पाऊण तासात ती जागा सापडली: जिथे शोधशब्द आणि नोंद यांची तुलना होते ती ओळ.

दुरुस्ती लिहिण्याआधी तिने चाचणी लिहिली. दोन्ही रूपांनी लिहिलेला 'ऱ्हायना' एकमेकांना सापडला पाहिजे. चाचणी आधी नापास झाली पाहिजे, तरच ती खरी. मग तुलनेआधी दोन्ही मजकूर एका रूपात आणणारं छोटं फंक्शन लिहिलं आणि चाचणी पास झाली. फंक्शन चार ओळींचं होतं, पण ते लिहिण्याआधी तीन दिवस वाचण्यात गेले होते. या कामात वाचन असंच जास्त असतं.

कमिट आणि पुल रिक्वेस्ट

कमिटच्या पहिल्या ओळीत काय केलं ते पन्नासेक अक्षरांत सांगा. एक ओळ मोकळी सोडून खाली का केलं ते लिहा. 'फिक्स्ड बग' एवढंच लिहिलं तर चार वर्षांनी ती ओळ वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. पाठवण्याआधी 'गिट डिफ' स्वतः ओळन् ओळ वाचा. तपासताना पडद्यावर काहीतरी दाखवायला टाकलेली तात्पुरती ओळ, चुकून बदललेली मोकळी जागा, पासवर्ड असलेली फाइल, सगळं इथेच पकडायचं.

'गिट पुश'ने ब्रँच आपल्या फोर्कवर चढवा आणि पुल रिक्वेस्ट उघडा. मूळ इश्यूचा क्रमांक द्या, कसं तपासलं ते सांगा. फक्त आकडा वाढवण्यासाठी कधीही पाठवू नका. २०२० च्या हॅक्टोबरफेस्ट या ऑक्टोबरातल्या ओपन सोर्स उपक्रमात टी-शर्टसाठी लोकांनी रीडमीत एकेक शब्द बदलून इतक्या निरर्थक रिक्वेस्ट पाठवल्या की आयोजकांना नियम बदलावा लागला. तेव्हापासून जो प्रकल्प स्वतःहून सहभागी होतो त्यातल्याच रिक्वेस्ट मोजल्या जातात. या प्रकारात आपल्या देशातली पुष्कळ पोरं होती, याचं मला आजही वाईट वाटतं.

रिव्ह्यूला घाबरू नका

आठवडाभर काहीच उत्तर आलं नाही तर एकदा नम्रपणे आठवण करा. रोज नको.

बहिणीला चौथ्या दिवशी उत्तर आलं आणि तिचा चेहरा उतरला. तिच्या फंक्शनने मजकुरातले सगळेच अदृश्य जॉइनर काढून टाकले होते. परीक्षकाने विचारलं होतं, 'सिंहली लिपीत 'श्री' लिहायला हेच चिन्ह लागतं. आईबाप आणि मुलं एकत्र दाखवणारा इमोजीही यानेच जोडला जातो. त्यांचं काय?' ती म्हणाली, "दादा, माझं चुकलंच ना?" चुकलं होतं, पण यात कमीपणा कसला? श्रीलंकेतल्या कोणाचा तरी शोध बिघडण्याआधी ते पकडलं गेलं, रिव्ह्यू त्यासाठीच असतो. तिने नियम अरुंद केला: 'र' आणि हलन्त यांच्यापुढे जॉइनर असेल तेवढंच बदलायचं, बाकीच्यांना हात लावायचा नाही. सिंहली 'श्री'साठी आणखी एक चाचणीही लिहिली.

बदल सुचवले की जुनी रिक्वेस्ट बंद करून नवी उघडू नका. त्याच ब्रँचवर नवा कमिट करून पुश करा, रिक्वेस्ट आपोआप ताजी होते. दरम्यान मूळ कोड पुढे गेला असेल तर 'गिट फेच अपस्ट्रीम' आणि मग 'गिट रिबेस' करून आपलं काम त्याच्यावर बसवा. रिबेसनंतर पुश करताना 'फोर्स-विथ-लीज' वापरा. साधा 'फोर्स' तिथे दुसऱ्या कोणी केलेलं काम न विचारता पुसून टाकतो. एखादी सूचना पटली नाही तर कारण देऊन तसं लिहा. रिक्वेस्ट नाकारली गेली तरी कारण नीट वाचा. कित्येकदा कोड चांगला असतो, पण प्रकल्पाची दिशा वेगळी असते.

तिचा कोड मर्ज झाला, म्हणजे मूळ प्रकल्पात मिसळला गेला, तेव्हा ती भुसावळ स्टेशनवर गाडीची वाट बघत होती. मोबाइलवर जांभळ्या रंगात 'मर्ज्ड' दिसलं, तिने स्क्रीनशॉट पाठवला आणि खाली अहिराणीत लिहिलं, 'आते सगळा गाना सापडी ऱ्हायनात.' नवी आवृत्ती आल्यावर आम्ही अ‍ॅप अद्ययावत केलं, तीच गाणी उघडली आणि शोधाच्या चौकटीत पुन्हा तो शब्द टाकला. या वेळी आजी शेजारी बसली होती. वर आलेल्या गाण्यांतलं तिसरं आपण सांगितलेलंच नाही, एक कडवं गाळलंय, असं ती म्हणाली आणि गायला लागली.