पावसाळ्यात अडकणाऱ्या दाराला लगेच रंधा मारू नका

जुलैत दार चौकटीला घासायला लागलं की हात आपोआप रंध्याकडे जातो. थांबा. लाकूड दमट हवेतली ओल पिऊन रुंदीत फुगतं. रेषांच्या दिशेने, म्हणजे उंचीत, जवळजवळ नाहीच. आत्ता तासलंत तर डिसेंबरात तिथूनच गार वारा येईल.

आधी बिजागऱ्या बघा. कडीच्या बाजूचा वरचा कोपराच घासत असेल तर बहुधा दार फुगलेलं नसून वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले झालेत. भोक मोठं झालं असेल तर गूल काढलेल्या दोन-तीन काड्या फेविकॉलमध्ये बुडवून त्यात ठोका, वाळल्यावर बाहेरचं टोक कापा आणि तोच स्क्रू पुन्हा आवळा.

खरोखर फुगलं असेल तर चौकटीला खडू घासून दार लावा. जिथे खडू उमटेल तिथे पेन्सिलीने खूण करा. सध्यापुरतं त्या जागी मेणबत्ती चोळली की दार सरकतं.

पाऊस संपून लाकूड सुकलं की खुणेपुरतंच, पातळ पातळ तासा. वरच्या कडेला रंधा टोकांकडून मधे आणा, नाहीतर कोपऱ्याची ढलपी उडते (माझी उडाली आहे). तासलेल्या जागी लगेच पॉलिश किंवा रंग द्या. आणि हो, दार उतरवलंच असेल तर खालच्या कडेलाही दोन हात मारा. ती कड बहुतेक घरांत कोरीच राहते आणि ओल तिथूनच शिरते.