खाणीची जनसुनावणी लागली तर नेमकं करायचं काय

गोव्यात डिचोली, सत्तरी, सांगे भागात जनसुनावणी (खाणीला पर्यावरण मंजुरी द्यायच्या आधी लोकांचं म्हणणं ऐकायची सभा) म्हटलं की दोन गट ठरलेलेच, इकडे ट्रकवाले नि तिकडे शेती-कुळागरवाले (कुळागर म्हणजे सुपारी-नारळाची बाग), आणि २०१२ च्या खाणबंदीत नि पुढे २०१८ ला सुप्रीम कोर्टाने खाणींची ८८ लीज (पट्टे) रद्द केल्यावर कुणाचं किती नुकसान झालं ते गावात कुणाला सांगायला नको. पण एक लक्षात घ्या, इथे मतदान नसतं. कोरमसुद्धा (किमान हजेरी) लागत नाही. किती माणसं ओरडली ते नाही, मिनिट्समध्ये, म्हणजे सुनावणीच्या लेखी नोंदीत, काय उतरलं तेच पुढे जातं.

२००६ च्या ईआयए (पर्यावरणावर काय परिणाम होईल त्याचा अभ्यास) नोटिफिकेशनप्रमाणे सुनावणीच्या कमीत कमी ३० दिवस आधी पेपरात नोटीस यायला हवी. ती दिसली की त्याच आठवड्यात खाणीचा ईआयए रिपोर्ट मिळवा, जिल्हाधिकारी ऑफिसात ठेवलेला असतो, सारांश स्थानिक भाषेतही असावा लागतो.

अख्खा रिपोर्ट वाचत बसू नका, झोप येईल. पाण्याचं प्रकरण उघडा आणि सॅम्पल कुठल्या महिन्यात घेतले ते बघा. बहुतेक वेळा एकाच सीझनचे असतात, तेही पावसाळा सोडून! आणि आपल्याकडे खरा त्रास तर पावसातच, डंपची (खाणीतल्या टाकाऊ मातीच्या ढिगाची) लाल माती ओहोळातून थेट शेतात, बांध फुटला की वायंगणपण (पावसानंतरचं भातपीक) गेलं. मग नकाशात तुमची झर (झरा), विहीर, कुळागर दाखवलंय का बघा, नसेल तर सर्व्हे नंबर टाकून लिहा. पिटमधलं (खाणीच्या खड्ड्यातलं) पाणी पंपाने काढायला लागले की आजूबाजूच्या विहिरी खाली जातात, म्हणून सरळ विचारा, मे महिन्यात झरीचं पाणी मोजलंय का, आणि आटली तर टँकर कोण देणार, किती वर्षं?

खाण हवी असणाऱ्यांनीही नुसतं 'सुरू करा' म्हणून उपयोग नाही. कायम नोकऱ्या किती, गावच्या ट्रकांना काम किती, लिलावातल्या लीजवर रॉयल्टीच्या १० टक्के जे डीएमएफला (जिल्हा खनिज निधीला) जातात त्यातलं आपल्या पंचायतीत काय येणार, हे सगळं लिहून द्या. माझ्या मते दोन्ही गटांचे अर्धे प्रश्न सारखेच निघतात, फक्त आधी एकत्र बसायची कुणाची तयारी नसते.

लेखी निवेदनाच्या दोन प्रती करा, एकीवर पोच घ्या. जमलं तर आधी ग्रामसभेत ठराव घेऊन तोही जोडा. सुरुवातीला कंपनीचं प्रेझेंटेशन होतं, तेव्हा उगाच गोंधळ घालून दम घालवू नका. आणि काही झालं तरी जेवायच्या वेळेला उठून घरी जाऊ नका, कारण शेवटी मिनिट्स सगळ्यांसमोर स्थानिक भाषेत वाचून दाखवायचे असतात नि त्याच दिवशी सही होते, तुमचा मुद्दा गाळला असेल तर तिथल्या तिथे उभं राहून सांगा.

पुढे मंजुरी मिळाली नि ती पटली नाही तर एनजीटीत (राष्ट्रीय हरित लवादात) अपील ३० दिवसांत करायचं, उशिराचं सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवसांपर्यंत सवलत मिळू शकते. आपलं खंडपीठ पुण्याला, तेव्हा वकील आधीच बघून ठेवा.