दिलबहारचा हंगाम आधीच कसा मांडायचा

केएसएच्या (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या) फुटबॉल लीगचं वेळापत्रक हाती आलं, की आपल्या दिलबहार संघाला किती गुण मिळतील ते लगेच मांडायला बसू नका. आधी खेळाडू नोंदणी बघा. दिलबहार सोडून कोण पाटाकडील संघात गेला, खंडोबा संघाकडून कोण आला, नवा परदेशी खेळाडू कुठल्या जागेवर खेळतो, हे कळल्याशिवाय वहीत आकडा नको. मी गोलरक्षक आणि मधली फळी आधी तपासतो. पुढं कितीही भारी स्ट्रायकर असू दे, बॉलच पोचला नाही तर तो काय करणार?

मग प्रत्येक सामन्यापुढं विजय, बरोबरी किंवा हार, एकच लिहा. विजयाला 3 गुण, बरोबरीला 1. सात सामन्यांत 4 विजय, 2 बरोबरी, 1 हार धरली तर 14 गुण.

आता कोल्हापूरची खासियत. सगळे शाहू स्टेडियमवरच खेळतात, त्यामुळं घरचं-बाहेरचं मैदान हा हिशेबच नाही. त्याऐवजी दोन सामन्यांतलं अंतर बघा. शिवाजी तरुण मंडळाशी घासून खेळल्यावर लगेच पुन्हा उतरायचं असेल, तर समोर कुणीही असो, मी बरोबरीच धरतो. पेठेतली पोरं चिडतात, चिडू देत.

बाद फेरीच्या स्पर्धांवरून लीगचा अंदाज बांधू नका. तिथं बरोबरी टायब्रेकरवर (पेनल्टी किकवर) सुटते आणि नाव जिंकल्याचं होतं. लीगमध्ये त्याच खेळाला एक गुण.

आणि फुलेवाडी, प्रॅक्टिस, बालगोपाल या संघांपुढं डोळे झाकून 3 लिहू नका.