देवराई आणि सडा : तुलनेसाठी मोजमाप

सह्याद्रीत देवराई आणि जांभ्याचा उघडा सडा (खडकाळ पठार) कैकदा शेजारीशेजारी सापडतात. पण तापमान, प्रकाश आणि मातीचा ओलावा सकाळी 9ला देवराईत आणि दुपारी 1ला सड्यावर मोजला, तर दिसणारा फरक जागेचा की वेळेचा, हे कळत नाही. दोन गट करा, घड्याळं जुळवा, दर अर्ध्या तासाने दोन्हीकडे एकदमच नोंद घ्या.

निघण्याआधी दोन्ही थर्मामीटर सावलीत शेजारी ठेवून 10 मिनिटांनी वाचा. अर्ध्या अंशाची तफावत असेल तर वहीत लिहा, पुढे वजा करता येते. हवेचं तापमान जमिनीपासून सव्वा मीटरवर घ्या. सड्यावर थर्मामीटरच्या फुग्यावर थेट ऊन पडून आकडा चढतो, तेव्हा हवा खेळती राहील असा पांढऱ्या पुठ्ठ्याचा आडोसा धरा.

सगळ्यात फसवा प्रकाश. देवराईत कवडसे हलतात. लक्समीटर (प्रकाश मोजायचं यंत्र) पाऊलभर सरकला की आकडा कितीतरी पट बदलतो. 20 मीटर दोरी ताणून दर मीटरला एक वाचन घ्या, सेन्सर आडवा, स्वतःची सावली बाहेर. सरासरीऐवजी मध्यक (वाचनं चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) काढा. ढग आला तर दोन्ही गटांनी थांबायचं.

आता मातीचा ओलावा. सड्यावर माती जेमतेम, म्हणून दोन्हीकडे वरच्या 5 सेंटिमीटरचीच माती घ्या. (देवराईतून काडीही न नेण्याची रीत अनेक गावांत आहे, आधी विचारा.) पिशवी लगेच घट्ट बंद करा. वजन करा, 105 अंशांवर 24 तास वाळवा, पुन्हा वजन करा. नंतर 2 मिलिमीटरच्या चाळणीने जांभ्याचे खडे काढून त्यांचं वजन दोन्ही वजनांतून वजा करा, नाहीतर सड्याचा ओलावा उगाच कमी दिसतो. आता वजनातली घट भागिले कोरडं वजन, गुणिले 100 म्हणजे ओलाव्याची टक्केवारी.