गो, वेंट, गॉन : कुठे कोणतं वापरायचं

इंदूरच्या रामबागेत आमच्या घरी संध्याकाळी सहाला सहावी-सातवीची सात-आठ मुलं इंग्रजीला येतात. घरी मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी, असा त्यांचा दिवस. 'गो, वेंट, गॉन' विचारलं की पाढ्यासारखं घडाघडा म्हणतात. तेच वाक्यात वापरायला सांगितलं की अडतात.

गेल्या थंडीत एका मुलीने 'काल मी काय केलं' यावर लिहून आणलं होतं. त्यातल्या चार ओळी मी माझ्या वहीत उतरवून घेतल्या (सराफा म्हणजे इंदूरचा बाजार, गराडू म्हणजे तिथे तळून मिळणारा कंद):

यस्टरडे वी हॅड गॉन टु सराफा.
माय ग्रँडमदर डिड नॉट वेंट.
माय अंकल गॉन टु ब्रिंग गराडू.
वी हॅव गॉन टु सराफा मेनी टाइम्स.

चारही ओळींत 'जाणे' आहे आणि चारही चुकल्या आहेत. पण पोर हुशार आहे. ती मराठीत विचार करून लिहिते, आणि बहुतेक चुकांचं कारण आपल्या मराठीतच सापडतं. लहानपणी मी 'आय हॅव गॉन टु महेश्वर' असं लिहिलं होतं. वहीवर लाल गोल आला. का, ते कुणी सांगितलं नाही. तो गोल मला अजून दिसतो, म्हणून कारण सांगितल्याशिवाय मी चूक खोडत नाही.

आधी 'गो'चं 'वेंट' कसं झालं ही भीती घालवा. आपल्या 'जा' आणि 'गेला'मध्ये तरी काय सारखं आहे? 'जा' आला संस्कृतातल्या 'या' धातूवरून, 'गेला' आला 'गम्'च्या 'गत'वरून. हिंदीत जाना-गया, तेच. इंग्रजीतही दोन वेगळी क्रियापदं अशीच एका घरात नांदतात. 'वेंट' हा मुळात 'वेंड' या जुन्या क्रियापदाचा भूतकाळ. सेंड-सेंट, बेंड-बेंट, तसं वेंड-वेंट. 'गो'चा स्वतःचा जुना भूतकाळ मागे पडला आणि १५व्या शतकाच्या सुमारास ती जागा 'वेंट'ने घेतली. आणि 'वेंट' सोपाही किती! मराठीत गेलो, गेले, गेलास, गेलीस, गेलात, गेला, गेली, गेलं, गेल्या एवढी रूपं आपण रोज न चुकता बोलतो. इंग्रजीत आय असो, शी असो की दे असो, सगळ्यांना एकच वेंट.

आता ओळी. तिसरी सोपी आहे. 'गॉन' एकटा उभा राहत नाही, त्याच्या आधी हॅव, हॅज किंवा हॅड हवा. कधी 'इज'ही चालतो, 'ही इज गॉन' म्हणजे तो निघून गेला. 'वेंट'ला मात्र यातलं कुणीच चालत नाही. काका काल गराडू आणायला गेले, काम तिथेच संपलं: माय अंकल वेंट टु ब्रिंग गराडू. सी-सॉ-सीन, डू-डिड-डन, ईट-एट-ईटन यांनाही हाच नियम.

दुसरी ओळ, 'आजी गेली नाही'. मराठीत नकार आला तरी क्रियापद 'गेली'च राहतं, प्रश्न आला तरी 'गेली का?' असंच. मुलांना 'डिड' हा आपल्या 'का'सारखा वाटतो, म्हणून ती 'वेंट' हलवत नाहीत. पण 'डिड' स्वतःच भूतकाळ आहे. हे मी दप्तराने दाखवते. एका मुलाला 'गो' करून उभं करायचं आणि त्याच्या खांद्यावर दप्तर द्यायचं. दप्तर म्हणजे भूतकाळ; ते घेतलं की तो 'वेंट' झाला. मग दुसरी मुलगी 'डिड' होऊन येते आणि दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेते. आता पहिला कोण? सगळे ओरडतात, "गो!" माय ग्रँडमदर डिड नॉट गो. डिड युवर ग्रँडमदर गो? दप्तर एकच, तेव्हा दोघांच्या खांद्यावर एकाच वेळी असणार नाही. हा खेळ एकदा झाला की ही चूक क्वचितच परत येते.

चौथ्या ओळीला वेळ द्या, कारण इथे मराठी मदतीला येते. 'बाबा भोपाळला गेलेत' आणि 'बाबा भोपाळला जाऊन आलेत' यांतला फरक आपल्या पहिलीतल्या पोरालाही कळतो. गेलेत म्हणजे अजून तिकडेच आहेत: पापा हॅज गॉन टु भोपाळ. जाऊन आलेत म्हणजे परत घरी: पापा हॅज बीन टु भोपाळ. 'जाऊन आलो' म्हणता येत असेल तर 'बीन' घ्या. माझी महेश्वरची चूक हीच होती. मी इंदुरात बसून लिहीत होते आणि वाक्य सांगत होतं की मी अजून महेश्वरच्या घाटावरच आहे. सराफ्याला मुलगी कितीदा तरी जाऊन आली आहे, म्हणून वी हॅव बीन टु सराफा मेनी टाइम्स. एक सांभाळा: 'बाबा काल भोपाळला गेलेत' हे मराठीत चालतं, पण इंग्रजीत 'काल' आला की हॅव-हॅज बाहेर. पापा वेंट टु भोपाळ यस्टरडे.

उरली पहिली ओळ. ही चूक आपल्याकडे मोठ्यांच्या ऑफिसच्या मेलमध्येही दिसते. 'काल आम्ही सराफ्यात गेलो होतो' हे मराठीत अगदी बरोबर आहे, आणि गल्लीतली हिंदीही 'कल हम सराफा गए थे' म्हणून तिकडेच ओढते. आपण 'होतो' लावतो ते गोष्ट मागची आहे, आता आपण परत आलोय, एवढं सांगायला. इंग्रजी 'हॅड' त्यावर देत नाही. त्याला मागच्या काळातल्या दोन गोष्टी लागतात, आणि 'हॅड' बसतो त्यांतल्या आधीच्या गोष्टीवर.

सराफाच याचं चांगलं उदाहरण आहे. दिवसा तिथे सोन्या-चांदीचा बाजार; रात्री ती दुकानं बंद होतात आणि त्यांच्यासमोर भुट्ट्याच्या किसाचे, गराडूचे ठेले लागतात. व्हेन द फूड स्टॉल्स ओपन्ड, द ज्वेलर्स हॅड गॉन होम. ठेले लागले, त्याच्या आधीच सराफ घरी गेले होते. म्हणून 'गेलो होतो' मनात आलं की स्वतःला विचारा, कशाच्या आधी? उत्तर त्याच वाक्यात किंवा शेजारच्या वाक्यात असेल तर हॅड गॉन. 'आधी-बिधी काही नाही, काल गेलो होतो' असं उत्तर आलं तर नुसतं वेंट. यस्टरडे वी वेंट टु सराफा.

सरावाला आठवडाभर रोज तीन वाक्यं पुरतात, पण ती त्या दिवशीच्या खऱ्या गोष्टींची हवीत: काल कुठे गेलो ते वेंटने, घरातल्या कुणाला तरी डिडने विचारलेला प्रश्न, आणि कुठे जाऊन आलोय ते बीनने. लिहून झाली की मोठ्याने म्हणायची. आईवडिलांना माझी विनंती आहे, मूल बोलत असताना मध्येच थांबवू नका. वाक्य पुरं होऊ द्या, मग 'कशाच्या आधी?' किंवा 'दप्तर कुणाकडे?' एवढंच विचारा.

त्या मुलीने चारही ओळी स्वतः दुरुस्त करून आणल्या, आणि खाली न सांगता पाचवी लिहिली: माय ग्रँडमदर हॅज नेव्हर बीन टु सराफा ॲट नाईट. मी विचारलं, "खरंच कधी गेली नाही?" ती म्हणाली, "नाही ना काकू, तिला नवालाच झोप येते."